नवरीच्या गाडीतला फ्यूज

गाणं मध्येच बंद पडलं. खरखर नाही, आवाज बसणं नाही, एकदम शांत. गाडीमागे नाचणाऱ्या पोरांचे हात वर गेले होते, ते दोन क्षण वरच राहिले. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी लग्नाला पाहुणा म्हणून आलो होतो. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. बघता बघता पाहुण्याचा परत मेकॅनिक झालो.

गाडीच्या मागच्या सीटवर नवरी बसली होती. ग्लोरिया तिचं नाव. स्टिअरिंगवर तिचा सख्खा भाऊ सिरील. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"सतीश, काय झालं रे?"

"बघतो."

"चार वाजता फादर उभे राहतील. बघतो काय, पटकन बघ."

हे वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावात घडलं. सीडी जपून पुसून ठेवायच्या आणि गाडीत सीडीचा डेक असणं ही मिरवायची गोष्ट होती, तो काळ. मी तेव्हा राहायला तुळिंजला होतो आणि माणिकपूरला कार ऑडिओचं दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. त्याआधी बरीच वर्षं मुंबईत एका सेठच्या हाताखाली गाड्यांमध्ये टेप आणि स्पीकर बसवले. नंतर वाटलं, आता आपलं काहीतरी करावं.

माणिकपूरला माझं बरंचसं गिऱ्हाईक आसपासच्या ख्रिस्ती गावांतलं. घरामागे केळीची नाहीतर फुलांची वाडी, एक मुलगा जहाजावर किंवा आखातात, दारात गाडी. माणसं हौशी आणि व्यवहाराला चोख. पण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. ते चर्चला देऊळच म्हणतात, आणि रविवारी मिस्सा, म्हणजे तिथली उपासना, सुटली की देवळाच्या आवारात आठवड्याच्या बातम्या इकडच्या तिकडे होतात. एकाची गाडी छान वाजली की तिथूनच मला चार गाड्या मिळायच्या. एकाची बिघडली असती तर एकही मिळाली नसती. नव्या दुकानदाराला याची धास्ती किती असते, ते नव्या दुकानदारालाच कळेल.

सिरील जहाजावर होता. बहिणीच्या लग्नाला सुट्टी घेऊन आला, तो येताना एक जपानी अॅम्प्लिफायर आणि बारा इंची सबवूफर घेऊनच. खोक्यावर ठळक अक्षरांत वॉट छापलेले होते. मी त्याला म्हटलं, स्थळाने सांगितलेला पगार आणि खोक्यावरचे वॉट, दोन्ही निम्मे धरायचे. तो हसला. म्हणाला, निम्मे धरले तरी गाव हादरेल.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॅशबोर्डवर सीडी घालायचा जो डबा असतो तो डेक. त्यातून निघणारा आवाज मुळात अशक्त. त्याला जोर देणारं यंत्र म्हणजे अॅम्प्लिफायर. दारांतले लहान स्पीकर गाणाऱ्याचा गळा आणि बासरी-व्हायोलिन वगैरे नीट वाजवतात, पण ढोलाचा जाड ठोका त्यांना झेपत नाही. जबरदस्ती केली तर फाटतात. तो ठोका सबवूफरकडे द्यायचा. हा मोठा स्पीकर लाकडी खोक्यात बसवून डिकीत ठेवतात.

अॅम्प्लिफायरला वीज भरपूर लागते. डेकच्या बारीक वायरीतून ती मिळत नाही. म्हणून करंगळीएवढी जाड लाल केबल थेट बॅटरीपासून आणावी लागते. बॉनेटखालून निघायची, पत्र्याच्या भोकातून केबिनमध्ये यायची, डाव्या बाजूच्या कार्पेटखालून मागच्या सीटच्या पायाशी, आणि तिथून डिकीत. आवाजाच्या वायरी उजव्या बाजूने न्यायच्या. दोन्ही शेजारी शेजारी नेल्या तर इंजिनची कुईकुई गाण्यात मिसळते, आणि गिऱ्हाईक म्हणतं स्पीकर खराब आहे.

सिरीलशी माझी पहिली कुरबुर झाली ती फ्यूजवरून. अॅम्प्लिफायरच्या अंगावर कंपनीचा एक फ्यूज असतोच. मी बॅटरीपासून वीतभर अंतरावर, होल्डरच्या डब्यात, दुसरा लावत होतो.

"हा कशाला आणखी?" तो म्हणाला. "तिकडे आहे की. बॉनेट उघडल्यावर हा डबा कसा दिसतो बघ."

"तिकडचा अॅम्प्लिफायरला सांभाळतो. मधल्या केबलला कोण सांभाळणार?"

"केबलला काय होतंय?"

मी त्याला गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण दिलं. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत येणारा पाइप वाटेत फुटला, तर स्वयंपाकघरातला नळ बंद करून पाणी थांबत नाही. कॉक टाकीपाशीच हवा. गाडीची बॅटरी म्हणजे टाकी. केबलचं वरचं प्लास्टिक कुठे सोललं आणि आतलं तांबं गाडीच्या पत्र्याला टेकलं, तर बॅटरी असेल नसेल ती सगळी ताकद त्या केबलमध्ये ओतते. यालाच शॉर्ट म्हणतात. केबल चुलीतल्या सळईसारखी तापते, वरचं प्लास्टिक पेट घेतं, आणि ते सगळं कार्पेटच्या खाली.

त्याला पटलं नाही, पण त्याने ऐकलं. आमचे मुंबईचे सेठ याबाबतीत फार कडक होते. "गिऱ्हाईक देव असेल," ते म्हणायचे, "पण बॅटरी देवाला ओळखत नाही." त्यांच्या दुकानात बॅटरीजवळ फ्यूज न लावता गाडी बाहेर काढली तर त्या माणसाचा तो शेवटचा दिवस. तेव्हा आम्ही पोरं पाठीमागे त्यांना चिडवायचो.

सिस्टम वाजायला लागली आणि सिरील खुळावला. घरी गेला आणि वडिलांना, पास्कल काकांना, सांगून मोकळा झाला की बँड कॅन्सल करा. त्यांच्याकडे नवरीला घरापासून देवळापर्यंत वाजत गाजत नेतात. पुढे बँड, मागे माणसं. यंदा बँड नको, गाडीच वाजेल, डिकी उघडी ठेवून मागे सगळे नाचतील, असा त्याचा बेत. पास्कल काकांना बँड हवा होता. पण मुलगा वर्षातून एकदा घरी येणारा. त्यांनी बँड कॅन्सल केला. सिरीलने मला हे सांगितलं. म्हटलं, "बँड राहू दे ना बाबा बरोबर." तो म्हणाला, "तुझ्या कामावर माझा भरवसा आहे."

तर त्या शनिवारी दुपारी गाडी घर आणि देवळाच्या बरोबर मधोमध उभी होती. दोन्ही बाजूंना वाड्या, मध्ये अरुंद डांबरी रस्ता. मागे शंभरेक माणसं ऊन झेलत थांबलेली.

मी आधी डेक पाहिला. दिवे चालू होते, सीडी फिरत होती. म्हणजे गाडीची स्वतःची वीज ठीक. डिकीत वाकून पाहिलं, तर अॅम्प्लिफायरचा हिरवा दिवा विझलेला. म्हणजे लाल केबलमधून वीजच येत नव्हती. बॅटरीजवळचा फ्यूज उडाला असणार.

बॉनेट उघडायला गेलो तर आख्ख्या बॉनेटवर फुलं. मध्ये मोगऱ्याचं आणि पांढऱ्या शेवंतीचं हे एवढं मोठं हृदय, खाली जाड तारेची चौकट. ही कला फिलू मावशींची. गावात वेदीची सजावट आणि नवरीची गाडी या दोन गोष्टी त्यांच्याशिवाय कोणी करत नसे. फुलं स्वतःच्या वाडीतली. बॉनेट वीतभर उचललं आणि पुढे अडलं. आतून कुठेतरी तारेने आवळलेलं होतं. त्या फटीतून मी हात घातला, चाचपडत फ्यूज काढला. आतली पट्टी वितळली होती.

जास्तीचा एक फ्यूज मी प्रत्येक गाडीत होल्डरलाच टेपने चिकटवून ठेवतो. तो लावला. हात बाहेर काढायच्या आत फट् असा आवाज झाला. तोही गेला.

आता इथे जरा थांबून सांगतो. गाणं मोठ्याने वाजत असताना फ्यूज गेला, तर जास्त ताण पडला असं म्हणता येतं. पण लावल्या लावल्या गेला, तर त्याचा अर्थ एकच. केबल कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. कुठे, ते बॉनेट पूर्ण उघडल्याशिवाय मला कळणार नव्हतं.

"मावशी, ही फुलं सोडवावी लागतील," मी म्हटलं.

फिलू मावशी गाडीच्या नाकाशी येऊन उभ्या राहिल्या. ठेंगणी बाई, अंगावर जरीची लाल साडी, केसांत अबोली.

"नाय सोडायची," त्या म्हणाल्या. "नवरी देवळात उतरेपर्यंत तिच्या गाडीच्या फुलांना कोनी हात लावत नाय. माझा नेम हाय. इतक्या नवऱ्या नेल्या, एकीचं फूल मोडलं नाय."

सिरील गाडीतून उतरला होता. तेवढ्यात गर्दीतून एक हात पुढे आला. त्याचा कोणी मित्र होता. सिगारेटच्या पाकिटातली चांदी त्याने माझ्यापुढे धरली.

"ही गुंडाळ ना फ्यूजला. आमच्या रिक्षाला नेहमी करतो."

हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय. फ्यूज उडाला की चांदी गुंडाळा, नाहीतर तारेचा तुकडा लावा. वीज सुरू होते, हे खरं आहे. पण फ्यूजचं कामच मुळी तुटणं. तो तुटणार नाही अशी सोय केली की तो फ्यूज उरत नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, आजही फिरतं. मी चांदी घेतली नाही. सिरीलने घेतली.

"लाव," तो म्हणाला.

"नाही लावणार."

"फक्त देवळापर्यंत. दहा मिनिटं."

"पेटायला दहा मिनिटं पुष्कळ झाली."

"काही पेटत नाही. तू घाबरतोस."

"हो, घाबरतो."

तो माझ्या अगदी जवळ आला. आवाज खाली आणून बोलायला लागला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "सतीश, माझ्या बाबांना बँड हवा होता. तुझ्या भरवशावर मी नको म्हटलं. मागे बघ जरा. सगळा गाव आहे. मी त्यांना काय सांगू?"

मी मागे पाहिलं. खरोखर सगळा गाव होता. माझं पुढच्या वर्षभराचं गिऱ्हाईक सुटाबुटात उभं होतं. मग मी गाडीच्या आत पाहिलं. ग्लोरिया खाली मान घालून बसली होती. तिचा पांढरा झगा सीटवरून खाली पायापर्यंत पसरलेला, वर ती जाळीची ओढणी. आणि त्या झग्याच्या खाली, कार्पेटच्या आत, डाव्या बाजूला, मीच माझ्या हाताने अंथरलेली केबल.

मला वाटलं, मी इथून वळलो की हे लोक चांदी लावणारच. मेकॅनिकच्या खिशात दहा नंबरचा पाना नसेल तर तो मेकॅनिक कसला. लग्नाच्या कपड्यांतही होता. त्याच फटीतून हात घालून मी लाल केबलचं टोक बॅटरीवरून सोडवलं, त्याला टेप गुंडाळली आणि आत खोल ढकलून दिलं. सिरील बघत होता. त्याला कळलं मी काय केलं ते.

"आता काय?"

"आता गाडी चालेल. गाणं वाजणार नाही."

तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. बहिणीच्या लग्नात माणूस असा कोंडीत सापडला तर त्याने बोलावंच, माझी तक्रार नाही. पण माझे कान लाल झाले. मागे कुजबुज सुरू झाली. मुंबईचा माणूस, मोठा शहाणा, एक गाणं वाजवता येईना.

पास्कल काका पुढे आले. तपकिरी सूट, कोटाला फूल. मला वाटलं आता यांचंही ऐकायचं. त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी चालते का?"

"चालते, काका."

"मग चला. फादरना थांबवायचं नाय."

गाडी हलली. मागे माणसं नुसती चालायला लागली. नुसत्या चपलांचा आवाज. लग्नाच्या मिरवणुकीत असा आवाज ऐकणं फार वाईट. मी अगदी मागे, रस्त्याच्या कडेने चालत होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

मग पुढून कोणीतरी गायला लागलं. फिलू मावशी. त्यांच्या बोलीतलं लग्नाचं गाणं, नवरी घर सोडते तेव्हाचं. एक ओळ त्यांनी म्हटली, दुसरी बाजूच्या दोघीतिघींनी उचलली. थोड्या वेळाने सगळ्या बायका म्हणायला लागल्या. टाळ्यांवर. मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. तरुण पोरींना ओळी येत नव्हत्या, त्या मागून शेवटचा शब्द तेवढा पकडत होत्या. देऊळ येईपर्यंत ते चालू राहिलं. मला रडू आलं, आणि ते गाण्यामुळे आलं की अपमानामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी मिस्सेला मागच्या बाकावर बसलो आणि जेवायला न थांबता घरी आलो. उद्या रविवार. उद्या मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात माझ्या दुकानाचा निकाल लागणार, हे मी धरून चाललो होतो.

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर करतोय तोच सिरीलची गाडी समोर येऊन उभी राहिली. फुलं सुकून तपकिरी झाली होती. गाडीत बाजूला फिलू मावशी.

"सगळं काढून टाक," सिरील म्हणाला. माझ्याकडे न बघता. "अॅम्प्लिफायर, सबवूफर, वायरी, सगळं. मूळ होती तशी गाडी करून दे."

"बरं. पण आधी बॉनेट उघडू दे."

मावशी त्यासाठीच आल्या होत्या. तारेची चौकट त्यांची, पुढच्या लग्नाला लागते, आणि ती त्या दुसऱ्या कोणाला सोडवू देत नाहीत. पक्कड काढून त्या कामाला लागल्या. वारा लागला की दोरा तुटतो म्हणून त्या बांधकामावर सळया आवळतात ती बाइंडिंगची तार वापरायच्या. एक एक पीळ उलगडत गेला. चौकट निघाली. मी बॉनेट वर उचललं.

आमच्या तिघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. चौकटीचा खालचा भाग बांधायला मावशींना आत काहीतरी भक्कम हवं होतं. समोर जाड, गुबगुबीत, लाल केबल होती. त्यांनी तार तिच्याभोवती दोनदा फिरवून घट्ट पीळ दिला होता. केबल जागेवरून ओढली जाऊन पुढच्या पत्र्याच्या कडेवर येऊन बसली. वरून हृदयाचं वजन, खाली इंजिनची थरथर. कडेने प्लास्टिक कापत कापत आतलं तांबं गाठलं होतं. पत्र्यावर काळा डाग पडला होता.

सिरील समोर उभा, मावशी त्याच्या गावच्या, त्याच्या आईच्या मैत्रीण. मी बाहेरचा. माझं काम बरोबर होतं हे सांगायला त्यांच्याकडे बोट दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जड जात होतं. मी नुसता तो डाग बघत राहिलो.

मावशींनी पक्कड खाली ठेवली.

"ती तार मी बांधली," त्या म्हणाल्या. "ही लाल वायर दोरखंडासारखी वाटली मला. मजबूत हाय म्हनून बांधली." मग सिरीलकडे वळून म्हणाल्या, "याचा काय दोष नाय रे. माझ्यामुळं झालं."

त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या तार सोडवून, गुंडाळून घरी घेऊन गेल्या असत्या तर सिरीलला ते पुढे कधी समजलंही नसतं. साठीच्या बाईने, जिच्या हाताची सगळीकडे वाखाणणी होते तिने, भर रस्त्यात उभं राहून हे म्हणणं सोपं नाही. मी त्यांना दुकानातली खुर्ची आणून दिली आणि चहा सांगितला.

सिरील अजून विचारात होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "शॉर्ट होतं. पण खरंच पेटलं असतं? दहा मिनिटांत?"

सांगून पटणार नव्हतं. दुकानामागे मोकळी जागा होती. मी एक जुनी बॅटरी, वाळूची बादली आणि त्याच केबलचा उरलेला तुकडा घेतला. तुकड्यात मध्ये फ्यूज घातला नाही. त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी चांगली जाड, सात-आठ घड्या करून बसवली. मावशी आणि सिरीलला लांब उभं केलं. लांब पकडीने टोकं जोडली. हा प्रयोग कोणी घरी करू नये.

दहा मिनिटं लागलीच नाहीत. केबल आधी मऊ पडली, मग तिच्यातून पांढरा धूर निघाला, मग लाल प्लास्टिक फुगून ठिबकायला लागलं आणि त्यावर लहानशी ज्योत दिसली. मी पकड सोडली आणि वाळू टाकली. मावशींनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला.

सिरील गाडीकडे गेला. मागचं डावं दार उघडलं. खाली बसून त्याने कार्पेटचा कोपरा वर केला आणि ती केबल कुठून जाते ते बोटाने चाचपून पाहिलं.

"ती इथे पाय ठेवून बसली होती," तो म्हणाला.

"हो. बॉनेटखाली पेटलं असतं, तरी या केबलवरून आग आत आली असती."

"मी चांदी हातात धरली होती."

"लावली नाहीस ना."

"तू लावू दिली नाहीस." मग उठला, हात झटकले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काढू नको काही. केबल नवी टाक. आणि तो बॅटरीजवळचा डबा आणखी एक लावायचा असेल तर लाव."

मी म्हटलं एकच पुरतो. जिवावरचं शेपटावर गेलं होतं, आता उगाच शोभा कशाला.

त्याने पुढच्या रविवारी देवळाच्या आवारात काय सांगितलं, ते मला इतरांकडून कळलं. मी मोठा कारागीर वगैरे काही तो बोलला नाही. भर रस्त्यात मी याला शिवी दिली आणि याने माझी बहीण वाचवली, असं सरळ सांगितलं. स्वतःकडे कमीपणा घेऊन दुसऱ्याचं नाव वर काढायला माणूस मोठ्या मनाचा लागतो. त्या महिन्यात माझ्याकडे इतक्या गाड्या आल्या की वायरी आणायला मला दोनदा मुंबईला जावं लागलं. निम्म्या लोकांना गाणं नको होतं. ते म्हणायचे, बॅटरीजवळचा फ्यूज आहे का ते बघून द्या.

फिलू मावशींनी नवा नेम केला. गाडी सजवायच्या आधी मालकाला विचारायचं, यात मोठं गाणं आहे का? असेल तर गाडी आधी माणिकपूरला सतीशकडे पाठवा, कुठे बांधायचं ते तो दाखवील. मी प्रत्येक गाडीच्या पत्र्यावर चार हूक लावून द्यायला लागलो, फुलांच्या चौकटीसाठी. कार ऑडिओच्या कुठल्याही पुस्तकात हे काम लिहिलेलं नाही. माझ्या दुकानात ते पुढे पुष्कळ वर्षं चाललं.

ग्लोरिया नवऱ्याबरोबर सिरीलच्याच गाडीतून दुकानात आली ती नंतर पंधरवड्याने. हातात केकचा डबा. तिला सिरीलने सगळं सांगितलं होतं. तिने गाडीचं मागचं दार उघडून पायाशी पाहिलं. मग नवरा बाहेर फोनवर गेला तशी हळूच म्हणाली, "सतीशदादा, एक सांगू? सिरीलला बोलू नका. तुमचा तो सबवूफर माझ्या पाठीत इतका धडधडत होता, की रोझरीची माळ हातात धरून मी मनात एकच मागत होते, हे बंद पड एकदाचं. आणि पडलं. बायकांचं गाणं सुरू झालं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझं लग्न आहे."

मी तिला म्हटलं, तुझी प्रार्थना जरा जास्तच जोरात पोचली.

या धंद्यात काम उत्तम झालं की काहीच घडत नाही. केबल तापत नाही, धूर निघत नाही, नवरी देवळाच्या दाराशी गाडीतून उतरते आणि आत जाते. आणि जे घडलं नाही त्याबद्दल कोणी दुकानाची पायरी चढून आभार मानायला येत नाही. ही माणसं आली. केक घेऊन आली.